परसदारातून : नारिंगी टोपीचे दिवस

दिवाळीच्या डब्यात तळाशी चिवड्यातले शेंगदाणे आणि दोन मोडके अनारसे उरले, परसातली पाने ओढून ओढून पाठ धरली, की समजावे, मिशिगनमध्ये हरणांचा हंगाम आला.

मागच्या अंकात आम्ही कढीपत्त्याची कुंडी घरात कधी घ्यावी याबद्दल लिहिले होते. त्यावर बऱ्याच जणांचे फोन आले. एका वहिनींनी विचारले, "कुंडीचं झालं हो, पण आमचे हॉस्टा आणि ट्यूलिप मुळापासून फस्त करणाऱ्या हरणांचं काय करायचं?" त्यांना उत्तर देता देता विषय वाढत गेला आणि आम्ही ठरवले, या खेपेला हरणांवरच लिहू. हरणांवर म्हणजे ओघाने शिकारीवर, आणि शिकारीवर म्हणजे बंदुकांवर. हा विषय आपल्या अंकात शोभतो का, असे काहींना वाटेल. पण ज्या राज्यात आपण घरे घेतली, मुले वाढवली, तिथला हा दर वर्षीचा सणच आहे. आणि तो माहीत नसला तर काय होऊ शकते हे आम्ही अनुभवले आहे. म्हणून हा प्रपंच.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. थँक्सगिव्हिंगची सुट्टी, ऊन छान पडलेले, घरात पाहुणे नाहीत. आम्ही दोघे, चिरंजीव आणि कन्या असे चौघे वॉटरलू रिक्रिएशन एरियात पायी फिरायला गेलो. ॲन आर्बरपासून फार लांब नाही, तळी आहेत, झाडी आहे, उन्हाळ्यात कितीदा तरी गेलो होतो. आमच्यातल्या एकाचे जॅकेट मातकट, दुसरीचे करड्या रंगाचे, आणि चिरंजिवांच्या डोक्यावर आजीने विणलेली पांढरी शुभ्र लोकरीची टोपी, वर गोंडा. चिरंजीव पायवाट सोडून झुडपांतून पळत होते.

अर्ध्या तासाने समोरून एक गृहस्थ आले. नखशिखान्त नारिंगी, खांद्यावर बंदूक, नळी आकाशाकडे. आम्ही दचकलो. पण आमच्यापेक्षा तेच जास्त दचकलेले दिसले. म्हणाले, "आज कोणता दिवस आहे माहीत आहे ना तुम्हाला?" आम्ही म्हटले, "हो, थँक्सगिव्हिंगनंतरचा शुक्रवार." ते म्हणाले, "हरणांच्या हंगामाचा मधला आठवडा आहे. आणि या मुलाच्या डोक्यावरचा गोंडा झुडपातून कसा दिसतो सांगू? पळणाऱ्या हरणाच्या शेपटीसारखा."

इथल्या हरणाचे नावच मुळी पांढऱ्या शेपटीचे हरीण. घाबरले की ते शेपूट वर करून पळते, आणि शिकाऱ्याला आधी दिसतो तो पांढरा झुपका. आमच्या पोटात गोळा आला. त्या भल्या माणसाने खिशातून एक जादा नारिंगी टोपी काढून चिरंजिवांच्या डोक्यावर घातली, स्वतः पुढे चालत आम्हाला गाडीपर्यंत आणून सोडले आणि टोपी परत घ्यायला नकार दिला. ती टोपी आजही आमच्या दाराजवळच्या खुंटीवर आहे.

आता हा हंगाम म्हणजे काय ते सांगतो. बंदुकीने हरणांची शिकार करण्याचा मुख्य हंगाम मिशिगनमध्ये कित्येक दशके १५ ते ३० नोव्हेंबर असा चालत आलेला आहे. वार कोणताही असो, तारीख पंधराच. उत्तरेकडच्या अनेक शाळांना त्या दिवशी सुट्टी असते. १४ तारखेला संध्याकाळी आय-७५ वर उत्तरेकडे जाणारी गर्दी पाहिली की आम्हाला गणपतीला कोकणात निघालेल्या चाकरमान्यांची आठवण होते. तशीच गाठोडी, तसाच उत्साह, आणि तिकडे जंगलातल्या जुन्या केबिनमध्ये आजोबा, बाप, काका, पोरे अशा तीन पिढ्या एकत्र. कुणी हरीण मारतो, कुणी नुसताच पत्ते खेळून आणि मिरचीची चिली खाऊन परत येतो. काही गावांत चौकात एक आडवा खांब उभारतात आणि मारलेले नर त्यावर टांगतात. सारा गाव ते पाहायला जमतो. आपल्याला ते दृश्य पाहवत नाही, हे खरे. पण गावजत्रा ती गावजत्राच.

बंदुकीच्या हंगामाआधी, १ ऑक्टोबरपासून, धनुष्यबाणाचा हंगाम असतो. पंधरवड्यानंतर डिसेंबरात पुन्हा धनुष्यबाण आणि नळीच्या तोंडाने दारू ठासायच्या जुन्या पद्धतीच्या बंदुका. शिकारीची वेळ सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत. बंदुकीने शिकार करणाऱ्याने टोपी, बंडी किंवा जॅकेट असे काहीतरी भडक नारिंगी, चारी बाजूंनी दिसेल असे, सर्वांत वरून घातलेच पाहिजे, असा कायदा आहे. गंमत अशी, की हरणाच्या डोळ्याला नारिंगी आणि हिरवा यांतला फरक फारसा कळत नाही. त्याला तो रंग मळकटच दिसतो. माणसाला मात्र अर्ध्या मैलावरून दिसतो.

कायदा शिकाऱ्यांसाठी आहे, फिरायला जाणाऱ्यांना सक्ती नाही. पण आमचे ऐका. १५ सप्टेंबर ते ३१ मार्च या काळात स्टेट पार्क आणि रिक्रिएशन एरियांमधल्या बऱ्याच जागा शिकारीला खुल्या असतात. प्रवेशद्वाराशी फलक असतो, तो वाचा. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात फिरायचेच असेल तर जिथे शिकारीला मनाई आहे असे गावालगतचे पार्क निवडा. तेही नसेल तर घरातल्या प्रत्येकाला, कुत्र्यालासुद्धा, पाच-दहा डॉलरची नारिंगी बंडी घ्या. पांढरे, तपकिरी, करडे कपडे नकोत. पायवाट सोडू नका आणि गप्पा मोठ्याने मारा. आपल्याला ते वेगळे शिकवायला नको!

ज्यांची घरे गावाबाहेर, शेतांना लागून आहेत त्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. राहत्या घरापासून आणि शेतीच्या गोठ्या-कोठारांपासून ४५० फुटांच्या आत, मालकाच्या लेखी परवानगीशिवाय, बंदुकीने शिकार करता येत नाही. त्याच्या पलीकडे मात्र करता येते. तेव्हा सकाळी सकाळी बार ऐकू आला तर लगेच ९११ ला फोन करू नका. गोळी घराच्या दिशेने आली किंवा कुणी तुमच्या आवारात शिरले, तर अवश्य करा.

आमच्या आई सातारकडच्या. गळ्यात तुळशीची माळ, वर्षाआड सहा महिन्यांसाठी इकडे येतात. परसात हरणे आली की त्यांच्या आनंदाला पारावार नसतो. पहिल्या वर्षी त्या रोज संध्याकाळी सफरचंदाच्या साली आणि शिळ्या पोळ्या कुंपणाशी नेऊन ठेवायच्या. "मुकं जनावर आहे, दोन घास खाईल." आठवडाभरात दोनाची सात हरणे झाली. मग शेजारच्या आजोबांनी हलकेच सांगितले, की हे करू नका. हरणांना एका जागी खाऊ घातले की ती एकाच ठिकाणी तोंडे घालतात आणि रोग पसरतो. 'क्रॉनिक वेस्टिंग डिसीज' नावाचा हरणांच्या मेंदूचा असाध्य रोग २०१५ मध्ये मिशिगनच्या मोकळ्या हरणांत प्रथम सापडला, आणि २०१९ पासून लोअर पेनिन्सुलात हरणांना खाऊ घालण्यावर बंदी आली. तो रोग माणसाला झाल्याचे आजवर दिसलेले नाही. तरी रोगट हरणाचे मांस खाऊ नये असाच आरोग्य खात्यांचा सल्ला आहे. आईंना हे पटवायला आम्हाला दोन दिवस लागले.

पण त्याहून अवघड होते ते शिकारीचे समर्थन ऐकणे. शेजारचे आजोबा सत्तरीचे, आयुष्यभर कारखान्यात काम केलेले. आम्ही नवीन आलो तेव्हा पहिल्याच बर्फात आमचा ड्राइव्हवे न सांगता मोकळा करून देणारे. ते म्हणाले, "शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या देशात हरणं जवळजवळ संपली होती. मांस विकणारे लोक रेल्वेचे डबे भरभरून पाठवायचे. मग कायदे आले, हंगाम ठरले, परवाने आले. आज हरणं इतकी झाली आहेत की जंगलात नवं रोप वर येऊ देत नाहीत." त्यात तथ्य आहे. लोअर पेनिन्सुलात लांडगे माणसाने केव्हाच संपवले. हरणाला खाणारे फारसे कुणी उरले नाही. राज्यात आज अंदाजे वीस लाख हरणे आहेत. आणि १९३७ च्या एका केंद्रीय कायद्यानुसार लांब बंदुका आणि काडतुसे यांवर बसवलेला ११ टक्के कर राज्यांना वन्यप्राण्यांच्या जपणुकीसाठीच मिळतो. म्हणजे आपण उन्हाळ्यात ज्या रानांत पक्षी पाहायला जातो, त्यांतल्या कितीतरी शिकाऱ्यांच्या पैशावर राखल्या गेल्या आहेत.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा गुन्हा झाला, आणि तेच योग्य होते. तिथे वाघ-काळविटांची दशाच तशी झाली होती. त्यामुळे आपल्या पिढीच्या मनात शिकारी म्हणजे एक तर जुना संस्थानिक, नाही तर चोरटा. इथला शिकारी म्हणजे शाळेचा बसड्रायव्हर, नर्स, प्लंबर. हा फरक समजून घ्यायला आम्हाला वीस वर्षे लागली. पटला की नाही, हा प्रश्न वेगळा. आमच्या घरी रविवारी मटणाचा रस्सा शिजतोच, तेव्हा फार तोंड वर करून बोलायची सोय नाही.

गेल्या वर्षी सप्टेंबरात चिरंजीव, वय वर्षे तेरा, घरी येऊन म्हणाले, "आजोबांचा नातू आणि ते पंधरा तारखेला त्यांच्या भावाच्या शेतावर जाणार आहेत. मीही जाऊ का? मी बंदूक धरणार नाही. नुसतं बघणार."

घरात जे महाभारत झाले ते विचारू नका. आईंनी जेवण सोडायची धमकी दिली. आमच्यातला एक म्हणाला, इथे वाढतोय, इथलं कळू दे. दुसरी म्हणाली, इथलं कळायला गणिताचा क्लब आहे की! शेवटी असे ठरले, की आधी त्याने शिकारीच्या सुरक्षिततेचा कोर्स करायचा, आमच्यापैकी एकाने त्याच्याबरोबर बसायचे, मग बघू.

मिशिगनमध्ये १ जानेवारी १९६० नंतर जन्मलेल्या माणसाला शिकारीचा परवाना घ्यायचा तर हा कोर्स करावा लागतो. (शिकाऊ आणि लहान मुलांसाठी मोठ्यांच्या देखरेखीखाली वेगळी सोय आहे.) घरी बसून वाचायचा भाग असतो आणि एक दिवस मैदानावरचा. शिकवणारे बहुतेक स्वयंसेवक असतात. आमच्या वर्गात दोन आज्या, एक पाद्री आणि आम्ही बापलेक. त्या दिवशी जे चार नियम शिकवले ते बंदूक घेणाऱ्याने आणि न घेणाऱ्यानेही पाठ करावेत असे आहेत. पहिला, प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजा. दुसरा, नळी कधीही नको त्या दिशेला वळवू नका. तिसरा, झाडायची वेळ येईपर्यंत बोट चापावर नको. आणि चौथा, आपण कशावर झाडतो आहोत आणि त्याच्या मागे काय आहे, हे पक्के दिसल्याशिवाय झाडायचे नाही. रायफलची गोळी हरणाला लागली नाही तर मैलभराच्याही पुढे जाऊ शकते.

चिरंजिवांनी घरी येऊन हे नियम आजीला मराठीत सांगितले. आई निवडत असलेली मेथी बाजूला ठेवून म्हणाल्या, "अरे, मग हे आमच्या रामायणात नाही का? दशरथ राजाने काय केलं? पाण्यात बुडबुड आवाज आला, त्याला वाटलं हत्ती पाणी पितोय. सोडला बाण. श्रावणबाळ गेला. पंडुराजाने हरीण म्हणून मारलं, तो निघाला ऋषी. आणि त्या जरा नावाच्या व्याधाला झाडाखाली श्रीकृष्णाचा पाय दिसला, तो हरीणच समजला." आम्ही चाट पडलो. आपल्या पुराणांतल्या इतक्या मोठ्या आपत्ती चौथ्या नियमातच बसतात, हे आमच्या कधी ध्यानात आले नव्हते.

आता अवघड भाग. चिरंजीव ज्या घरी पहाटेपर्यंत राहणार, त्या घरी बंदुका आहेत हे उघडच होते. त्या कशा ठेवल्या आहेत हे विचारायचे कसे? ज्या माणसाने आमचे बर्फ काढले, त्याला असे विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे, अशी आमची समजूत. दोन दिवस आम्ही एकमेकांवर ढकलत होतो. शेवटी कुंपणाशी उभे राहून विचारलेच. आजोबांना राग तर नाहीच आला, उलट ते आम्हाला तळघरात घेऊन गेले, पोलादी कपाट दाखवले, बंदुका रिकाम्या, काडतुसे वेगळ्या कुलुपात. म्हणाले, "माझ्या मुलांना खेळायला कुठे पाठवायचो तेव्हा मी पण विचारायचो. तुम्ही विचारलंत ते बरं केलंत."

आम्ही सुटकेचा निश्वास टाकला. पण खरा धडा पुढे होता.

त्याच महिन्यात आपल्याच एका स्नेह्यांकडे कोजागिरी होती. मोठे खाली मसाला दूध आणि गाण्याच्या भेंड्या, मुले वर. परतताना गाडीत कन्या म्हणाली, "त्यांच्याकडे खरी पिस्तूल आहे. कपाटात, चपलांच्या खोक्यात. दादाने दाखवली. हात नाही लावला मी." गाडीत कोणी बोलेना. त्यांच्या गल्लीत चोरी झाल्यावर त्यांनी ती घेतली होती, हे आम्ही ओझरते ऐकले होते. गोऱ्या शेजाऱ्याला विचारायची आम्ही इतकी तयारी केली, आणि आपल्या माणसांकडे इतकी वर्षे मुले पाठवली, तिथे एकदाही विचारले नाही! आपल्यात बंदुका कुठे असतात, हे आम्ही गृहीतच धरले होते. भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे ती त्याहून वाईट कुणाची तरी बहीण झाली असती.

रात्री साडेअकराला फोन केला. स्नेही आधी हसले, मग चिडले. "भरलेली नव्हती रे! आणि मुलांना माहीत नाही." आम्ही म्हटले, "मुलांनीच सांगितलं." त्यावर फोन ठेवला गेला. तीन दिवस बोलणे नाही. चौथ्या दिवशी ते दारात उभे. म्हणाले, "भरलेली होती. मी विसरलो होतो." चहाचा कप हातात तसाच धरून ते बराच वेळ बसले. कुलपाची पेटी घेऊनच ते आमच्याकडे आले होते, गाडीत होती. हे सगळे त्यांच्या परवानगीने लिहीत आहोत. त्यांनीच सांगितले, "नाव नको, पण लिहा."

म्हणून कायदा स्पष्ट सांगतो. १३ फेब्रुवारी २०२४ पासून मिशिगनमध्ये, जिथे अठरा वर्षांखालचे मूल असते किंवा येण्याची शक्यता असते, तिथे नजरेआड ठेवलेली बंदूक कुलपाच्या पेटीत, किंवा रिकामी करून चापाला कुलूप लावून, ठेवणे बंधनकारक आहे. 'मूल' म्हणजे आपलेच नव्हे, पाहुण्यांचेही. ३० नोव्हेंबर २०२१ ला ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये पंधरा वर्षांच्या मुलाने चार विद्यार्थ्यांचे प्राण घेतले, ते घरातल्या पिस्तुलाने. २०२४ मध्ये त्याच्या आई-वडिलांनाही कोर्टाने दोषी ठरवले. १३ फेब्रुवारी २०२३ ला मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत तिघे विद्यार्थी गेले. आपली कितीतरी मुले तिथे शिकतात. ती रात्र फोन हातात धरून काढलेले पालक हा अंक वाचत असतील.

दुसरे, व्हिसाचे. नुकत्याच आलेल्या मंडळींनी हे लक्षपूर्वक वाचावे. एच-१, एल-१, एफ-१ यांसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. राज्याचा वैध शिकारी परवाना जवळ असणे हा त्यातला एक अपवाद. ऑफिसातल्या मित्रांबरोबर गंमत म्हणून शूटिंग रेंजवर जाऊन भाड्याची बंदूक हातात घेणे, हेही 'बाळगणे' ठरू शकते. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई नाही, पण राज्याचे नियम त्यांनाही आहेतच. मित्राच्या शब्दावर जाऊ नका, वकिलाला विचारा. बंदूक घ्यावी की नाही यावर आम्ही मत देणार नाही. घेतली तर कुलूप घ्या, आणि मूल कुणाकडे राहायला पाठवताना "घरात कुत्रा आहे का, शेंगदाण्याची ॲलर्जी आहे" याच्याच जोडीला "बंदूक आहे का, कुलपात आहे का" हेही विचारा. एवढेच.

गाडी चालवणाऱ्यांसाठी दोन शब्द. मिशिगनमध्ये गाड्या आणि हरणे यांच्या टकरी दर वर्षी पन्नास हजारांच्या वर होतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे हरणांचे माजाचे दिवस. नर मादीच्या मागे रस्ता न बघता धावतो. पहाट आणि तिन्हीसांजा वाईट. एक हरीण रस्ता ओलांडून गेले तर दुसरे मागे आहेच असे समजा. समोर आलेच तर ब्रेक घट्ट दाबा, सुकाणू सरळ धरा. हरणाला वाचवायला गाडी वळवली की ती झाडावर किंवा समोरच्या गाडीवर जाते, आणि माणसे बहुधा तशीच दगावतात. आमच्यातल्या एकीने दोन वर्षांपूर्वी यूएस-२३ वर हाच अनुभव घेतला. गाडीचा बंपर गेला, हरीणही गेले, आम्ही राहिलो. नुकसान विम्याच्या 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' भागातून मिळते. तो भाग घेतला आहे ना, हे आजच पाहा. जखमी हरणाजवळ जाऊ नका. त्याच्या खुरांचा फटका भयंकर असतो.

आणि रानात जाणाऱ्यांसाठी, शिकारी असोत वा नसोत, आमची पिशवी अशी : शिट्टी (तीनदा वाजवली की मदत हवी), विजेरी आणि जादा सेल, कागदी नकाशा आणि होकायंत्र, प्लास्टिकच्या पिशवीत काडेपेटी, पाणी, थर्मासमध्ये चहा, चिक्की किंवा लाडू, लोकरीची जादा मोजे-जोडी. थंडीत फोनची बॅटरी पटकन उतरते. तो आतल्या खिशात ठेवा. सुती कपडे आणि जीन्स नकोत. ओले झाले की अंगातली ऊब ओढून घेतात. गारठा शून्याखाली नसतानाही ओल्या माणसाला हुडहुडी भरून तो बरळू लागतो. कुठे जातो आणि किती वाजता येतो, हे घरी लिहून ठेवा. परत आल्यावर गोचीड तपासा. नोव्हेंबरातल्या उबदार दिवशीही त्या असतात आणि लाइम रोग देतात. मचाणावर बसणाऱ्याने कमरेचा-छातीचा पट्टा झाडाला बांधल्याशिवाय वर चढू नये. शिकाऱ्यांच्या अपघातांत मचाणावरून पडणे हे एक मोठे कारण आहे.

तर १५ नोव्हेंबर. पहाटे साडेचारला चिरंजीव निघाले. अंगात आजोबांनी दिलेली बंडी, डोक्यावर खुंटीवरची तीच नारिंगी टोपी. आता ती जरा घट्ट होते. आमच्यातला एक बरोबर होता. आईंनी देवापाशी दिवा लावला आणि जपमाळ घेऊन बसल्या. मुलासाठी की हरणासाठी, ते आम्ही विचारले नाही.

साडेअकराला सगळे परतले. नाक लाल, बोटे गारठलेली. चिरंजीव थेट आजीसमोर जाऊन बसले.

"मारलं का रे?" आईंनी वर न बघता विचारले.

"नाही आजी. आठ वाजता आला होता एक. मोठा. एवढी शिंगं. चाळीस पावलांवर. आजोबांनी बंदूक उचलली, खूप वेळ धरली, आणि खाली ठेवली."

"का?"

"त्याच्या मागे चढ होता. चढापलीकडे काय आहे ते दिसत नव्हतं. ते म्हणाले, पलीकडे कोण आहे ते मला माहीत नाही, मग मी झाडत नाही."

आईंनी माळ डोळ्यांना लावून ठेवून दिली. म्हणाल्या, "जा, हात-पाय धू. गरम पिठलं केलंय." मग जरा थांबून आम्हाला म्हणाल्या, "त्यांना पण बोलवा रे जेवायला. त्यांना आपलं तिखट चालतं का?"

आजोबा आले. पिठलं-भाकरी दोनदा वाढून घेतली. पुढच्या आठवड्यात त्यांना हरीण मिळाले. निम्मे मांस त्यांनी गरजूंच्या अन्नपेढीला दिले, जशी इथे अनेक शिकाऱ्यांची पद्धत आहे, आणि एक पुडा आमच्याकडे आला. चरबी नसलेले मांस, मंद आचेवरच शिजवावे लागते. आईंसाठी त्या दिवशी वेगळी चूल, म्हणजे वेगळा बर्नर आणि वेगळी पातेली. त्यांनी काही म्हटले नाही. आम्हीही नाही.

यंदा चिरंजीव पुन्हा जाणार आहेत. बंदूक धरायची का, यावर घरात अजून एकमत नाही. पण नारिंगी बंड्या आम्ही सहा आणल्या आहेत. थँक्सगिव्हिंगला आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांसाठी त्या दाराजवळच टांगून ठेवतो.

पुढच्या अंकात बर्फाखाली लसूण कशी लावून ठेवायची ते सांगू. तोवर सांभाळून गाडी चालवा, आणि एखादा फोन करायचा राहिला असेल तर भीड सोडून आजच करा.